स्वस्तातला चार्जर घरात आलाय? मग पहिल्या अर्ध्या तासात एवढं करा

दोनच्या पॅकमध्ये दोन चार्जर मिळाले होते मला. एकाच खोक्यात, एकाच रंगाचे, छापलेलं अक्षरन् अक्षर सारखं. एक माझ्या फोनला लावला, दुसरा भाच्याच्या टॅबला. माझा व्यवस्थित चालला, आणि दुसऱ्या दिवशी भाचा ओरडत आला, मावशी हा टॅब स्वतःच खेळतोय, मला खेळूच देत नाहीये! मला वाटलं काहीतरी नवीन नाटक असेल, पण जाऊन बघते तर खरंच, कोणी हात लावत नाहीये तरी ॲप उघडतायत, बंद होतायत, कीबोर्डवर आपोआप काहीबाही टाईप होतंय. चार्जरची वायर काढली की टॅब एकदम शहाणा, लावली की परत अंगात आल्यासारखा. मग दोन्ही चार्जर अदलाबदल करून बघितले तर माझ्या चार्जरवर टॅब शांत आणि त्याच्या चार्जरवर माझा फोन वेडा. म्हणजे टॅबचा काही दोष नव्हता.

तेव्हापासून माझं पक्कं मत झालंय की स्वस्त चार्जर वाईट असतो हा त्याचा खरा त्रास नाहीये, त्याचा भरवसा नसतो हा आहे. सरळ वाईटच निघाला असता तर फेकून तरी दिला असता ना. बनवणारा त्या आठवड्यात जो पार्ट हाताला लागेल तो आत बसवतो आणि वरचं प्लास्टिक तेच ठेवतो, त्यामुळे "माझ्याकडे हाच आहे, मस्त चालतो" या वाक्याला शून्य किंमत आहे. त्याचा चालत असेल. तुमचा तुम्हीच तपासायचा.

तपासताना दोन प्रश्न मात्र वेगळे ठेवा, लोक इथेच घोळ घालतात. एक, हा नीट चार्ज करतो का? दुसरा, हा धोकादायक आहे का? पहिल्याचं उत्तर घरी बसून मिळतं. दुसऱ्यात चार्जर नापास आहे हे घरी कळू शकतं, पण पास आहे हे घरी कधीच कळत नाही. का, ते पुढे सांगते.

प्लग लावायच्या आधी नुसता हातात घेऊन बघा. कानाशी धरून हलवा, आत काही खुळखुळलं तर तिथेच विषय संपला. दोन अर्धी कवचं जिथे जुळतात तिथे नख फिरवा, फट जाणवत असेल, थोडं दाबल्यावर कवच कुरकुरत असेल तर तो चार्जर सॉकेटमधून ओढताना कधीतरी कवच हातात आणि पिना सॉकेटमध्ये असं होऊ शकतं, आणि त्या पिनांना लाईट चालूच असते. पिना डुगडुगतायत का बघा, सॉकेटमध्ये सैल बसतायत का बघा, कारण सैल पिनेला ठिणग्या उडतात आणि तिथेच आधी काळं पडतं. वजनाबद्दल लोक सांगतात की हलका म्हणजे नकली, ते बऱ्यापैकी खरं आहे, पण ही टिप नकली माल बनवणाऱ्यांनाही माहिती आहे आणि काही जण आत नुसता लोखंडाचा तुकडा घालून वजन वाढवतात, तेव्हा जड आहे म्हणून खूश होऊ नका.

मग त्यावरची बारीक अक्षरं वाचा, फोनने फोटो काढून झूम करा. इनपुटपुढे १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असायला हवं, आउटपुटपुढे व्होल्ट आणि अँपिअर, आणि एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण, म्हणजे डबल इन्सुलेशन (आतली लाईट बाहेर येऊ नये म्हणून दुहेरी आड). बनवणाऱ्याचं नाव आणि मॉडेल नंबर नसेल किंवा स्पेलिंगच चुकलेलं असेल तर पुढे वाचायची गरज नाही. सीई (युरोपातल्या नियमांत बसतो असं सांगणारी खूण) वगैरे अक्षरं बघून मात्र हुरळून जाऊ नका, ती खूण बनवणारा स्वतःच स्वतःच्या जबाबदारीवर छापतो, छापखान्यात कोणी अडवत नाही.

लेबलवर एक छोटं गणित पण करा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. ५ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे १० वॅट. आता अंगठ्याएवढ्या चार्जरला तीन पोर्ट आणि प्रत्येकापुढे २.४ अँपिअर लिहिलंय, म्हणजे ३६ वॅट झाले, एवढ्याशा डबीत आणि एवढ्याशा पैशांत! खोटं आहे, सरळ खोटं. बऱ्याचदा तीनही पोर्ट आत एकाच वायरला जोडलेले असतात आणि जो काही करंट आहे तो सगळ्यांनी वाटून घ्यायचा असतो. उलटी भीती मात्र बाळगू नका, की जास्त अँपिअरचा चार्जर लावला तर फोन जळेल. चार्जर करंट ढकलत नाही, फोन ओढतो, बॅटरीत किती जायचं ते फोनच्या आतलं सर्किट ठरवतं. खरं तर आपण ज्याला चार्जर म्हणतो तो नुसता अडॅप्टर आहे, चार्जर फोनच्या आतच असतो.

आता प्लग लावा, पण फोन लावू नका. दहा मिनिटं नुसता राहू दे. काहीही जोडलेलं नसताना चांगला अडॅप्टर अगदी नगण्य वीज खातो, त्यामुळे तो गार किंवा जेमतेम कोमट असायला हवा. रिकामाच तापला, जळकट किंवा माशासारखा वास आला, किंवा आतून चिर्रर्र असा आवाज आला तर आधी बोर्डाचं बटण बंद करा आणि मग चार्जर काढा. अगदी बारीक शीळ काही चांगल्या चार्जरचीही ऐकू येते रात्रीच्या शांततेत, तेवढ्याने घाबरू नका, पण तडतड म्हणजे तडतड, त्यात चर्चा नको.

यापुढे एक वस्तू लागेल, यूएसबी मीटर. काडेपेटीएवढा असतो, चार्जर आणि वायरच्या मध्ये लावायचा, त्यावर व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. एकदा घेतला की घरातले सगळे चार्जर, सगळ्या वायरी तपासून होतात आणि मग शेजारचे पण घेऊन येतात, तो भाग वेगळा. तपासताना फोनची बॅटरी २० ते ५० टक्क्यांच्या मधे असू द्या आणि स्क्रीन बंद ठेवा. बॅटरी ८० च्या पुढे गेली की फोन स्वतःच करंट कमी करतो आणि तुम्ही बिचाऱ्या चार्जरला शिव्या देत बसाल.

रिकाम्या चार्जरवर ५ ते ५.२ च्या आसपास दिसायला हवं. साडेपाचच्या वर गेला तर फोन लावूच नका. मग फोन लावा आणि आकडा किती पडतो ते बघा. यूएसबीच्या नियमात चार्जरच्या तोंडाशी ४.७५ ते ५.२५ अशी मुभा आहे. लेबलवर २ अँपिअर आहे आणि एक अँपिअर ओढल्यावरच व्होल्टेज ४.५ वर आलं तर ते दोन अँपिअर फक्त लेबलवर आहेत. फास्ट चार्जिंगचा फोन असेल तर मीटरवर एकदम ९ व्होल्ट दिसतील, दचकू नका, फोन आणि चार्जर आधी आपसात बोलून घेतात आणि मगच व्होल्टेज वाढतं. न बोलता, म्हणजे काहीच जोडलेलं नसताना ९ दिसले तर मात्र तो चार्जर गेला समजा.

अर्धा तास असा चालू द्या आणि मग चार्जर मुठीत धरा. गरम लागणारच, १० वॅट बाहेर देताना दोनेक वॅट आतल्या आत उष्णता होऊन जातात आणि डबी एवढीशी. पण पाच सेकंद धरवत नाही इतका गरम असेल तर तो ठेवण्यासारखा नाही.

मीटर नसेल तर घड्याळ चालेल. फोनसोबत आलेल्या चार्जरने २० ते ५० टक्के व्हायला किती मिनिटं लागतात ते बघा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वायरने, स्क्रीन बंद ठेवून, नवीन चार्जरने बघा. थोडाफार फरक ठीक आहे, दुप्पट वेळ लागला तर ठीक नाही.

आता वायर, कारण निम्म्या वेळा चार्जरवर नाहक आळ येतो आणि चोर वायर असते. स्वस्त वायरीत तांबं अगदी केसासारखं असतं. वायरीच्या जाडीला एडब्ल्यूजी नावाचं माप आहे आणि त्यात आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे उलटं आहे ते लक्षात ठेवा. २८ नंबरची एक मीटर तार घेतली तर जाताना आणि येताना मिळून साधारण ०.४ ओहम रेझिस्टन्स (म्हणजे करंटला अडथळा) होतो, त्यातून २ अँपिअर न्यायचे म्हटलं तर पाउण व्होल्टच्या वर वायरीतच मरतं. चार्जरने इमानदारीत ५ दिले तरी फोनला सव्वाचारसुद्धा पोचत नाहीत, मग फोन करंट कमी करून घेतो आणि चार्जिंग रखडतं. २४ नंबरच्या तारेत हेच नुकसान पाव ते अर्ध्या व्होल्टच्या मधे राहतं. काही वायरींच्या अंगावर हे चक्क छापलेलं असतं, २८ आणि २४ असे दोन आकडे, पहिला डेटाच्या तारांचा, दुसरा पॉवरच्या. आपल्याला दुसऱ्याशी मतलब. काहीच छापलेलं नसेल तर आखूड वायर घ्या, सोपा उपाय.

एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला टाईप-सी अशा वायरीची एक वेगळीच भानगड आहे. तिच्या आत ५६ किलोओहमचा एक चिमुकला रेझिस्टर असायला लागतो, तो फोनला सांगतो की समोर साधा यूएसबी आहे, जपून ओढ. स्वस्त वायरींमध्ये त्याच्याजागी १० किलोओहमचा बसवलेला सापडायचा, आणि मग फोन समजतो की समोर ३ अँपिअर देणारा दांडगा चार्जर आहे, आणि एक अँपिअरच्या बिचाऱ्या अडॅप्टरकडून किंवा लॅपटॉपच्या पोर्टकडून तेवढं ओढायला जातो. गूगलमधले इंजिनिअर बेन्सन लेउंग यांनी २०१५ मध्ये ऑनलाईन मिळणाऱ्या अशा वायरी एकेक विकत घेऊन तपासायला सुरुवात केली होती, आणि २०१६ च्या सुरुवातीला एका वायरीत पॉवर आणि ग्राउंडच उलटे जोडलेले निघाले, त्यात त्यांचा लॅपटॉपच कामातून गेला. म्हणून नवीन अनोळखी वायर पहिल्यांदा लॅपटॉपला लावायची नाही.

टॅबवाल्यांनी इथे जरा थांबा. फोन स्वस्त चार्जरवर रडतखडत का होईना चार्ज होतो, टॅब थेट उघडं पाडतो. टॅबची बॅटरी ८००० मिलिअँपिअरअवरची धरली तर ती झाली साधारण ३० वॅटअवर. १० वॅटच्या चार्जरने ती तीन-चार तासांत भरते. पण चार्जरच्या डेटाच्या दोन पिना आत नीट जोडलेल्या नसतील तर टॅबला वाटतं आपल्याला कॉम्प्युटरला लावलंय, आणि तो फक्त अर्धा अँपिअर म्हणजे अडीच वॅट घेतो. बारा तास झाले हे! आणि त्यात स्क्रीन चालू ठेवून कार्टून लावलं तर चार्जिंगचं चिन्ह दिसतंय आणि टक्के कमी होतायत असा चमत्कार घडतो. तेव्हा "टॅबची बॅटरी गेली" असं म्हणून बॅटरी बदलायला धावू नका, आधी दुसरा धड चार्जर लावून बघा. आमच्या ओळखीत एकांनी बॅटरी बदलून आणली आणि प्रॉब्लेम तसाच राहिला, कारण घरी येऊन चार्जर तोच लावला.

आणि तो अंगात येण्याचा प्रकार. टचस्क्रीन बोटामुळे होणारा अगदी बारीकसा विद्युतभाराचा फरक ओळखत असते. अडॅप्टरच्या आत लाईट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते, त्याची खरखर बाहेर जाऊ नये म्हणून आत फिल्टरचे पार्ट असतात, आणि पैसे वाचवायचे म्हटले की आधी तेच गायब होतात कारण ते काढले तरी चार्जर "चालतो". मग ती खरखर वायरीतून टॅबपर्यंत येते आणि स्क्रीनला ती बोटं वाटतात. यूएसबी मीटरवर हे अजिबात दिसत नाही, मीटर ५.०५ दाखवत बसतो. म्हणून नवीन चार्जर लावला की पाच मिनिटं फोनवर टाईप करून बघा, स्क्रोल करून बघा. बोट एकीकडे आणि उघडतंय भलतंच असं झालं तर चार्जर बाद.

आता तो दुसरा प्रश्न. भाच्याचा चार्जर मी फोन रिपेअरिंग करणाऱ्या ओळखीच्या मुलाकडे नेला आणि त्याने तो उघडला (तुम्ही घरी उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या पार्टमध्ये, ३०० व्होल्टच्या वर साठलेलं असतं आणि प्लग काढल्यावरही ते लगेच जात नाही). आत सर्किटची एक हिरवट पाटी, बोटाच्या पेराएवढी. फ्यूजच्या जागेवर फ्यूजचं चित्र छापलेलं आणि प्रत्यक्षात बसवलेली नुसती तार. मग त्याने पाटी उलटी केली आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाखवलं, ताई, ही इकडची बाजू घरातल्या लाईटची आणि ही तिकडची तुमच्या टॅबची. मधलं अंतर नखाच्या कडेएवढं होतं, एक मिलिमीटरसुद्धा नसेल. तिथे पाच-सहा मिलिमीटर तरी लागतात. एक सोल्डरचा थेंब ओघळला, थोडा ओलावा गेला, एखादी मुंगी आत शिरली तर सॉकेटमधले २३० व्होल्ट सरळ टॅबच्या बॉडीवर, आणि टॅब कोणाच्या हातात असतो ते सांगायला नको. चांगल्या चार्जरमधलं हे इन्सुलेशन ३००० व्होल्ट लावून तपासतात. आपल्या मीटरला यातलं काहीच कळत नाही, कारण ते अंतर तुटेपर्यंत चार्जर छान ५ व्होल्ट देत राहतो.

यूएल ही सेफ्टी टेस्टिंग करणारी संस्था आहे, तिने २०१६ मध्ये ॲपलचे म्हणून खपवलेले ४०० नकली अडॅप्टर तपासले होते. ३९७ नापास. त्यातले १२ तर असे की जीवघेणा शॉक बसू शकेल. पास झालेले तीन बाहेरून वेगळे दिसत असतील असं तुम्हाला वाटतं का?

झिणझिण्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. मेटल बॉडीच्या फोनवर चार्जिंग चालू असताना बोट हलकेच फिरवलं की झिणझिण्या येतात, खरखरीत लागतं, टेस्टर लावला तर कधी कधी मंद पेटतोही. दोन पिनांच्या चांगल्या चार्जरमध्येही हे होतं, फिल्टरच्या कपॅसिटरमधून पाव मिलिअँपिअरपेक्षा कमी करंट झिरपतो तेवढाच, नियमाने चालतो तो. पण चटका बसला, हात मागे ओढला गेला, तर ते झिणझिण्यांमध्ये मोजू नका. स्वस्त चार्जर असेल तर मी झिणझिण्यांचाही संशय घेते, कारण फिल्टरच्या त्या खास सुरक्षित कपॅसिटरच्या जागी साधा कपॅसिटर लावलेला असू शकतो, आणि तो शॉर्ट झाला की घरातली लाईट आणि फोन यांच्यामधे काहीच उरत नाही.

तर सगळ्या टेस्ट पास झालेला स्वस्त चार्जर वापरायचाच असेल, नाइलाज असेल, तर निदान असा वापरा. फोन लावायचा आणि हात काढून घ्यायचा, चार्जिंगला असताना कानाला लावून बोलायचं नाही, ओल्या हाताने तर नाहीच, बाथरूमच्या आसपास नाही. उशीखाली, गादीवर, पडद्यामागे नाही, उघड्या कडक जागेवर. रात्रभर लावून झोपायचं नाही, ओव्हरचार्ज होईल म्हणून नव्हे, ते फोन बघून घेतो, तर चार्जर तापला तर बघायला कोणी जागं नसतं म्हणून. लहान मुलांच्या हातात तो लावलेला टॅब द्यायचा नाही. आणि बघा, एवढ्या अटी पाळायच्या असतील तर तो चार्जर वापरण्यात मजा काय उरली, हे तुम्हीच ठरवा.

नवीन घेताना माझा हिशोब साधा आहे. पैसे अडॅप्टरवर घालायचे, काटकसर करायचीच असेल तर ती कव्हर, स्टँड असल्या गोष्टींत करा. फोन-टॅब बनवणाऱ्याचा स्वतःचा, किंवा जो आपला पत्ता आणि मॉडेल नंबर उघडपणे देतो अशा बनवणाऱ्याचा. सर्टिफिकेटचा नंबर दिला असेल तर तो त्या संस्थेच्या यादीत खरंच आहे का, आणि त्याच मॉडेलचा आहे का हे दोन मिनिटांत बघून होतं. टाईप-सी आणि पॉवर डिलिव्हरीवाला (फोन-टॅबशी बोलून लागेल तेवढं व्होल्टेज देणारा) एकच धड अडॅप्टर घेतला तर फोन, टॅब, इअरफोन सगळं त्यावर भागतं, युरोपियन युनियनमध्ये तर २८ डिसेंबर २०२४ पासून नवीन विकल्या जाणाऱ्या फोन-टॅबना टाईप-सी पोर्ट सक्तीचाच आहे, त्यामुळे हा खर्च वाया जाणारा नाही. चार स्वस्त चार्जर चार खोल्यांत ठेवण्यापेक्षा एक चांगला इकडून तिकडे न्या, थोडं भांडण होईल घरात, होऊ दे.

बाद केलेला चार्जर तसाच कचऱ्यात टाकू नका, कोणीतरी उचलतो, वायर पुसतो आणि वापरतो. आधी प्लग काढलेला आहे ना ते बघून पकडीने पिना वाकवा, वायर कापा, मग ई-कचऱ्यात द्या. भाच्याच्या चार्जरचं तसंच केलं. मग माझा, त्याच खोक्यातला, मीटरवर पास झालेला, एकदाही त्रास न दिलेला चार्जर पण पकडीत धरला तर भाचा म्हणाला, मावशी तो तर चांगलाय ना? मी ती उघडलेली पाटी उलटी करून त्याच्या हातात दिली आणि विचारलं, याच्यात आतून असं नसेल कशावरून. त्याने ती बारकी फट नखाने मोजून बघितली आणि दुसरी पिन स्वतः वाकवली.